मंदिराच्या शेतातील खरखर

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने गेल्या कार्तिकात आमच्या गावी दुर्बीण आणली, तेव्हा तिला काच नव्हती, नळी नव्हती आणि डोळा लावण्याची जागाही नव्हती. आठ लोखंडी खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर आडव्या धातूच्या काड्या आणि त्यांतून निघून एका जाड पत्र्याच्या पेटीत शिरणाऱ्या तारा, एवढेच तिचे रूप. गावातील मंडळी पाहून गेली. एका वृद्धाने बराच वेळ निरखून सांगितले की दुर्बिणीचे आपल्याला कळत नाही, पण पापड वाळवायला मांडव उत्तम आहे. पुतणी हसली आणि उत्तरली की पापड घाला, फक्त मोबाइल घेऊन जवळ येऊ नका.

आमचे गाव सालेकसा तालुक्यात, कचारगडाकडे जाणाऱ्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. तीन बाजूंनी टेकड्या असल्यामुळे मोबाइलचे जाळे येथे धड पोहोचत नाही. ज्या गोष्टीविषयी गाव वर्षानुवर्षे कुरकुरत आले, नेमकी तीच पुतणीला हवी होती. मंदिराच्या धानाच्या शेताला लागून एक पडीक तुकडा आहे. मंदिर समितीने तो तिला बारा दिवसांसाठी दिला, तोही माझ्या शब्दाखातर. त्या मंदिरातील नित्यपूजा माझ्याकडे आहे आणि त्यापूर्वीचे माझे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले.

ती परराज्यातील एका संशोधनसंस्थेत काम करते. तिचे काम तिने मला ओसरीवर बसून सावकाश समजावले. आकाशगंगा ज्या वेगाने फिरते, त्या वेगाला तिच्यातील दिसणारे तारे आणि धूळ पुरे पडत नाहीत. न दिसणारे काहीतरी तिला सावरून धरते. त्याला ही मंडळी कृष्णद्रव्य म्हणतात. ते जड कणांचे असावे असे काहींना वाटते. ते अतिशय हलक्या कणांचे असावे, इतक्या हलक्या की त्यांच्यापुढे इलेक्ट्रॉनही पर्वत ठरावा, असे इतरांना वाटते. पुतणी हलक्या कणांच्या शोधात आहे. असे कण सूर्याच्या बाहेरील तप्त प्रभामंडळातून जाताना एका विशिष्ट उंचीवर रेडिओ लहरींत पालटू शकतील, असे गणित सांगते. तसे घडत असेल, तर सूर्याच्या रेडिओ कोलाहलात एकाच कंप्रतेवर एक बारीक, स्थिर रेघ उमटेल. ती कोठे उमटेल हे कणाच्या वस्तुमानावर ठरते आणि वस्तुमान कोणालाच ठाऊक नाही. म्हणून कंप्रतांची सगळी पट्टी बोट बोट तपासायची. सूर्य आकाशात असतानाची नोंद घ्यायची, सूर्य नसतानाची घ्यायची आणि दोहोंतील भेद पाहायचा.

"आणि रेघ नसेलच तर?" मी विचारले.

"तर नाही, असे लिहायचे. या पट्टीत, एवढ्या बारकाईने पाहिले आणि नाही सापडले. तेही लिहावे लागते, मोठेबाबा."

मला हे फार आवडले. मी रोज सूर्याला अर्घ्य देतो, पण त्याच्याविषयी काहीही कळल्याचा दावा मी कधी केलेला नाही. असला तर आहे, नसला तर नाही, असे म्हणून तीन वर्षे एका रेघेची वाट पाहणारी मुलगी मला आमच्याच परंपरेतील वाटली. मात्र तिच्यापाशी वेळ नव्हता. या बारा दिवसांत निदान सलग चार-पाच दिवस आणि रात्री शांत मिळाल्या नाहीत, तर साहित्य उचलून पुढच्या गटाकडे जायचे होते आणि तिच्या प्रबंधाचा एक मोठा भाग कोरा राहायचा होता.

पुढे मला जी शिसारी आली, ती या शोधाची नाही. ती अजून गेलेली नाही, आणि तिची सुरुवात एका तांब्याच्या कलशापासून सांगावी लागेल.

आश्विनात धान दुधावर येते आणि रानडुकरे उतरतात. एका रात्रीत ती अख्खी बांधी, म्हणजे बांधांमधला सबंध तुकडा, लोळवून टाकतात. मंदिराच्या शेतीची अशी नासाडी पुष्कळ वर्षे होत असे. नऊ वर्षांपूर्वी समितीच्या विनंतीवरून मी सोमवारच्या अभिषेकाचे पाणी सूक्तपाठाने मंत्रून शेताच्या चार कोपऱ्यांवर शिंपडले, आणि कापणीपर्यंत दर सोमवारी तो क्रम ठेवला. पहिली काही वर्षे फरक पडला नाही. नंतर, सुमारे चार वर्षांपूर्वी, डुकरे यायची थांबली. आजूबाजूच्या शेतांचे धुरे, बांध उकरलेले असत आणि मंदिराचे धान मात्र उभे असे. लोक लोटे घेऊन माझ्याकडे येऊ लागले. दूरच्या सडक अर्जुनीकडूनही माणसे आली. मी कोणाकडून काही घेतले नाही, पण नमस्कार घेतले. ते गोड लागत होते, हे आज लिहिताना मला स्वतःचीच किळस येते. देव ऐकतो आहे अशी माझी समजूत होती, आणि देवाने नेमके माझेच ऐकावे यात मला काहीच विचित्र वाटले नव्हते.

शेत कसणारा माझा जुना विद्यार्थी. चार वर्षांपूर्वीच समितीने त्याच्याकडे जमीन दिली होती. तो मला फार जपत असे. सोमवारी मी भल्या पहाटे निघालो की आडवा येऊन म्हणे, "गुरुजी, ओस पडली हाये, गवत ओलं हाये. पाय घसरते तुमचा. ऊन आल्यावर या." मी ऊन आल्यावर जात असे. किती आदर करतो, असे मी घरी सांगितलेही होते.

दुर्बीण सुरू झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी बिघाड झाला. दिवसा पडद्यावरची आलेखरेषा तळ्यासारखी स्वच्छ होती. दिवेलागणीला ती एकाएकी उसळली आणि सगळी पट्टी जाड खरखरीखाली बुडून गेली. पुतणीने तोच आवाज मला कानाच्या यंत्रातून, तिच्या हेडफोनमधून, ऐकवला. कढईत काहीतरी जळत असावे, तसा तो होता. सकाळी ऊन चढेपर्यंत तो चालला आणि मग तुटल्यासारखा थांबला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

तिने प्रथम संशय घेतला तो स्वतःवर. पेटी उघडली, एकेक तार सोडवून पाहिली, बॅटऱ्या बदलल्या, संगणकावर दुहेरी पत्रा चढवला. दोन दिवस त्यात गेले. मी म्हटले, एवढी चांगली यंत्रे, दोष बाहेरचा असेल. ती म्हणाली की आमच्याकडे आधी आपले घर झाडतात, कारण आजवर ज्या ज्या रेघांनी लोकांना नाचवले, त्यांतील बहुतेक आपल्याच यंत्रातून निघाल्या होत्या.

मग तिने मला भीत भीत विचारले, की मंदिरात संध्याकाळी काय चालू होते.

आरतीला नगारा आणि घंटा वाजवणारे विजेचे यंत्र कोणा भाविकाने दिलेले आहे. देवापुढे उभ्या असलेल्या दहा माणसांचे हात रिकामे आणि घंटा मोटार वाजवते, हा प्रकार मला पहिल्यापासून ओंगळ वाटत आला आहे. मला वाटले, हेच. मी मोठ्या समाधानाने त्याची वायर काढली आणि हाताने घंटा वाजवली. खरखर तशीच राहिली. शिखरावरची दिव्यांची माळ काढली, तरीही तशीच. शेवटी एका संध्याकाळी मी समईखेरीज सारे मंदिर अंधारात ठेवले. पाच दिवस संपले होते. पुतणी ताट हातात घेऊन पडद्यासमोरच बसू लागली होती.

सहावा दिवस सोमवार होता. तिने हातात धरायची एक लहान अँटेना बाहेर काढली, तिला कानाचे यंत्र जोडले आणि उजाडताच आवाजाच्या दिशेने निघाली. मी कलश घेऊन मागोमाग गेलो. त्या दिवशी मी उन्हाची वाट पाहिली नाही. ती चार पावले चाले, अँटेना फिरवी, पुन्हा चार पावले चाले. दिशा मंदिराकडे नव्हती. ती मंदिराच्या धानाकडे होती. पहिला कोपरा आला तेव्हा मी सवयीने पाणी शिंपडले आणि पुढे झालो.

"गुरुजी, थांबा. पाय नका टाकू."

माझा विद्यार्थी बांधावरून धावत येत होता. त्याच्या हातात लांब वाळका बांबू होता. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. सरळ कडेच्या विजेच्या खांबाकडे गेला आणि बांबूच्या टोकाने वरच्या तारेवर अडकवलेला लोखंडी आकडा उडवून खाली पाडला. पुतणीने कानाचे यंत्र काढले. ती म्हणाली, "थांबला."

तेव्हा मला तार दिसली. माझ्या पावलापासून दोन हातांवर, गुडघ्याच्याही खाली, लाकडाच्या खुंट्यांवर ताणलेली उघडी तार. ती धुऱ्याच्या कडेने शेताभोवती फिरवलेली होती. ओले गवत जेथे जेथे तिला टेकत होते, तेथे ते काळे पडले होते. रात्रभर दवात ती ठिणग्या टाकत असे. पुतणीच्या पडद्यावरची खरखर तीच होती. डुकरांना पळवण्यासाठी बाजारात जे सौम्य झटका मशीन मिळते, ते हे नव्हते. ही खांबावरची थेट वीज होती, मारण्यासाठी लावलेली.

वास मला आधीच आला होता, पण त्याचे कारण मी विचारले नव्हते. बांधाखालच्या चरात तणस, धानाचा वाळका पेंढा, टाकलेली होती. विद्यार्थी नको नको म्हणत असताना मी काठीने ती सारली. एक मादी होती. अंगावरचे राठ केस करपून कातडीला चिकटले होते, जबडा उघडा, जीभ दातांत अडकलेली, आणि तिच्या पोटाशी तिची दोन पिले तशीच ताठ. माश्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. माझ्या हातात अभिषेकाचा कलश होता. मी तो कोठे ठेवावा, हे मला कळेना. त्या जमिनीवर ठेववेना आणि हातातही धरवेना. मी बांधावर बसून ओकलो. पुतणीने माझी पाठ धरली.

विद्यार्थी समोर उकिडवा बसला. घाबरलेला नव्हता, ओशाळलेला होता. त्याने जे सांगितले, त्याचा सारांश असा की तार चार वर्षांपासून आहे, दिवेलागणीला लागते आणि ऊन आल्यावर खुंट्यांसकट निघते, मांस महामार्गाकडच्या एका माणसाकडे जाते, आणि नुकसान थांबल्याबद्दल समितीने त्याचा सत्कारही केला आहे. पहाटे त्या बाजूने कोणी फिरकत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

"सगळ्यांना म्हणजे?"

"गावाले मालूम हाये, गुरुजी. तुमालेच नाई मालूम."

"आणि मी पाणी शिंपडत होतो, ते?"

तो खाली पाहत बोलला. "तुमी पानी देता, म्हून तं कोनी इचारत नाई. जंगलचे गार्डसाहेब आले का सांगतो, गुरुजींचा मंत्र हाये, डुकरं येतच नाई. ते बी हात जोडून जाते."

मला त्या मेलेल्या जनावराहून हे वाक्य अधिक घाण वाटले. चार वर्षे मी पडदा होतो. माझा उच्चार, माझे उपवास, माझे पांढरे धोतर, सारे एका आकड्यावर झाकण म्हणून वापरले जात होते, आणि वापरणारे रोज मला नमस्कार करीत होते. त्याहून वाईट हे की झाकण होण्यासाठी माझी संमती लागली नाही, कारण माझी कौतुकाची हाव पुरेशी होती. कोणी फसवले म्हणून सुटावे, तर ती पुतणी पहिल्या दिवसापासून स्वतःची पेटी उघडून पाहत होती आणि मी नऊ वर्षांत एकदाही माझ्या कलशावर संशय घेतला नव्हता.

दुपारी समितीचे अध्यक्ष गोंदियाहून गाडीने आले. त्यांची तेथे तांदळाची गिरणी आहे. वातावरण शांत ठेवण्याची कला त्यांना साधलेली आहे. त्यांनी तारेविषयी चकार शब्द काढला नाही. कापणीला पंधरा दिवस उरले आहेत, तोवर बिटिया आपले यंत्र दुसऱ्या गावी लावू शकेल का, गाडीची सोय मी करतो, असे ते म्हणाले. मी म्हटले की यंत्राला येथेच शांतता हवी आहे आणि तिच्यापाशी सहाच दिवस आहेत.

ते हसले. "पंडितजी, मशीन छह दिन की है, मंदिर हमेशा का. सोच लीजिए."

पुतणी दारात उभी होती. ते गेल्यावर तिने मला सांगितले की ती साहित्य उचलायला तयार आहे, माझ्या म्हातारपणी गावाशी वैर नको. तिने ते मनापासून म्हटले. आणि ज्या घरात मी तिला खरे बोलायला शिकवले, त्याच घरात तिला असे म्हणावे लागले, याची मला पुन्हा शिसारी आली.

मी लाईनमनकडे गेलो. त्यालाही ठाऊक होते. तोंडी सांगितलेले मी ऐकले नाही असे समजतो, लिहून द्या, असे त्याने सरळ सांगितले. त्यात मला त्याचा दोष दिसला नाही. कोणी लिहून देईल, अशी तो चार वर्षे वाट पाहत असावा. मी तेथेच त्याच्या टेबलावर अर्ज लिहिला. मंदिराचे शेत, कोणता खांब, तार कोठून कोठवर, आणि खाली पूजा करणारा म्हणून माझी सही. तशीच एक प्रत वनरक्षकाला दिली. त्याने अर्ज वाचला आणि पोच सही करून दिली. त्याने मला यापूर्वी हात जोडलेले होते.

त्या संध्याकाळच्या आरतीला गर्दी होती, कारण बातमी पोहोचली होती. मी घंटा हाताने वाजवली आणि आरतीनंतर सांगितले की मी जे पाणी देत आलो, त्याने कोणाचेही शेत राखले गेले नाही. मंदिराचे शेत उघड्या विजेने राखले गेले आहे. हे मला ठाऊक नव्हते, हा माझा बचाव नाही, मी पाहायला हवे होते. यापुढे मी पाणी देणार नाही. त्या तारेत आपल्यापैकी कोणाचे मूल अडकले नाही, ही केवळ देवाची कृपा आहे.

कोणी मान वर केली नाही. मला वाटले, लाज वाटली असेल. मग मागून एका शेतकऱ्याने अगदी शांतपणे विचारले, "मंग आमच्या धानाचं कसं करता, गुरुजी?" मी म्हटले की झटका मशीन लावा, राखणीला बसा, भरपाईचा अर्ज करा, मी लिहून देतो. तो उठून पायरीपर्यंत माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मंत्र नका म्हनू पायजे तं. नुसतं पानी द्या. लोकाईले दिसलं म्हंजे झालं."

त्याने लोटा आणला होता. मी तो पालथा करून त्याच्या हातात परत दिला. आजही तो समोर आला की माझी नजर आधी दुसरीकडे वळते, आणि असे वळणे माझ्या वयाला आणि व्रताला शोभत नाही, हे मला कळते.

दुसऱ्या दिवशी लाईनमनने खांबावर चढून वरच्या तारांना आवरण घातले आणि आकडा, तार, खुंट्या सारे वनरक्षकाच्या समोर गोळा केले. विद्यार्थ्यावर गुन्ह्याचा कागद झाला. समितीवर झाला नाही. अध्यक्षांनी आपल्याला काहीच माहीत नसल्याचे सांगितले आणि ते मान्य झाले. मंदिरातील पूजा समितीने दुसऱ्याकडे सोपवली, मला कळवण्याचीही तसदी न घेता. नवा पुजारी विजेचा नगारा वाजवतो.

मात्र तार निघाली त्या संध्याकाळी खरखर आली नाही. पुतणी पडद्यासमोर बसून होती आणि मी तिच्या शेजारी. सूर्य डोंगराआड गेला, दिवे लागले, आणि आलेखरेषा होती तशीच शांत राहिली. तिने माझा हात दाबला आणि सोडला. सलग पाच दिवस तिला तसेच मिळाले. दिवसाचा सूर्य, सूर्याविना रात्र, पुन्हा सूर्य. रानडुकरे दोनदा आली आणि मंदिराचे काही धान लोळवून गेली.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिने पहिला हिशोब मांडला. रेघ नव्हती. बारीक दिसलेल्या तीन रेघांपैकी दोन परदेशी रेडिओ केंद्रांच्या निघाल्या आणि एक तिच्याच पेटीतील घड्याळयंत्राची. निराश झालीस का, असे मी विचारले. ती म्हणाली की मुळीच नाही. या पट्टीत असा कण असलाच, तर तो किती दुबळा असला पाहिजे, हे आता पूर्वीपेक्षा अधिक नेमके सांगता येईल, आणि पुढच्या माणसाला येथे पुन्हा खणावे लागणार नाही.

मग तिने निरीक्षणांची वही काढली. वाया गेलेल्या नोंदी ही मंडळी पुसत नाहीत. त्या तशाच ठेवून समोर कारण लिहितात, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की त्या का वापरू नयेत. पहिल्या पाच रात्री आणि सहाव्या दिवसाची पहाट यांच्यासमोर तिने लिहिले होते: स्थानिक विद्युत अडथळा.

मी म्हटले, "एवढेच का?"

"बाहेरची माणसे वाचतात, मोठेबाबा. मंदिराचे नाव, तुमचे नाव कशाला?"

"नावे नकोत. कारण लिही."

तिने खोडले नाही. खाली जोडले: मंदिराच्या शेताभोवती जनावरे मारण्यासाठी लावलेली उघडी तार. सहाव्या दिवशी सापडली.

मी ते वाचले आणि सांगितले की सहाव्या दिवशी त्या तारेला लागून मी मंत्रलेले पाणी शिंपडत होतो, तेही लिही. ती म्हणाली की त्याचा नोंदीशी काही संबंध नाही. मी म्हटले, आहे. पाणी नसते, तर तार चार वर्षे टिकली नसती आणि तुझे सहा दिवस बुडाले नसते.

तिने लिहिलेले एकदा वाचून पाहिले. मग तिने वही माझ्याकडे फिरवली आणि पेन दिले. मी माझ्या अक्षरात, समासात, ती एक ओळ लिहिली आणि शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवले.